राज्याला तूट आली की कात्री शाळांवरच का चालते?

नवी_पालक

नमस्कार. मी सहा वर्षांपासून अमेरिकेत राहते आणि माझी दोन्ही मुले येथील सरकारी शाळेत जातात. मागच्या आठवड्यात आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे परिसरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे, पत्र आले की राज्याच्या अर्थसंकल्पात तूट येणार असल्यामुळे पुढच्या वर्षी ग्रंथपालाचे पद रद्द होईल आणि चौथीच्या तीन तुकड्यांच्या दोन केल्या जातील. त्यानंतर डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाची सभा झाली, तिला मी गेले होते. बोलणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटे मिळत होती. एका निवृत्त गृहस्थांनी, ज्यातून शाळांचा स्थानिक खर्च चालतो त्या मालमत्ता कराची दोन बिले, दहा वर्षांपूर्वीचे आणि यंदाचे, शेजारी शेजारी धरून दाखवली आणि हे पेन्शनीत कसे बसवायचे, असे विचारले. त्यांच्यानंतर एक शिक्षिका उठल्या. आपल्या वर्गातील एक मूल वाचनात मागे आहे, दुसऱ्याला इंग्रजी नवीन आहे, तिसऱ्याला ऐकू कमी येते, असे नाव न घेता त्या एकेका मुलाबद्दल सांगत गेल्या आणि अकराव्या मुलापाशी त्यांची वेळ संपली. वर्गात तेहतीस मुले आहेत. मला दोघांचेही म्हणणे खरे वाटले.

केंद्र सरकार वर्षानुवर्षे तुटीत चालते, मग राज्याला तूट येताच शिक्षकांना घरी का बसवावे लागते? कर थोडे वाढवून हे टळत का नाही? शिवाय आमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये नव्या व्यायामशाळेचे बांधकाम जोरात चालू आहे, त्याची संगती मला लागत नाही.

हिशेबनीस

मी बरीच वर्षे एका राज्याच्या अर्थसंकल्प विभागात काम केले आहे, म्हणून व्यायामशाळेपासूनच सुरुवात करतो. कारण प्रत्येक सभेत हा प्रश्न निघतो आणि त्याचे उत्तर नीट न मिळाल्यामुळे लोकांचा विश्वास उडतो. इमारतींसाठी डिस्ट्रिक्ट सहसा मतदारांची मंजुरी घेऊन कर्जरोखे काढते. तो पैसा कायद्याने बांधकामासाठीच बांधलेला असतो आणि त्यातून एका शिक्षिकेचाही पगार देता येत नाही. पगार चालू खर्चाच्या खात्यातून होतात, आणि राज्याच्या तुटीचा फटका याच खात्याला बसतो.

केंद्राशी तुलना केलीत, पण राज्याला ती मुभा नाही. व्हरमाँट सोडून बाकी सर्व राज्यांवर चालू खर्चाचा अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचे कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे कायदेशीर बंधन आहे. त्यामुळे मंदीत विक्रीकर आणि प्राप्तिकर घटले की राज्याकडे मोजकेच मार्ग उरतात: राखीव निधी वापरणे, कर वाढवणे किंवा खर्च कापणे. पन्नासपैकी ४६ राज्यांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणजे हा निर्णय ठरावीक दिवसांच्या आत घ्यावाच लागतो.

आता खर्च कापायचा तर कुठे? राज्याच्या सर्वसाधारण निधीतील सर्वांत मोठा वाटा, साधारण एक तृतीयांश, शालेय शिक्षणाचा असतो. त्याखालोखाल गरिबांच्या आरोग्यसेवेचा, म्हणजे मेडिकेडचा खर्च येतो. पण मेडिकेडमध्ये राज्याच्या खर्चाला केंद्राची जोड मिळते आणि केंद्राचा वाटा किमान निम्मा असतो. म्हणजे राज्याने स्वतःचा एक डॉलर वाचवायचा ठरवला, तर केंद्राकडून येणारा निदान एक डॉलरही हातचा जातो, आणि मंदीत नोकऱ्या गेल्यामुळे गरजू मात्र वाढलेले असतात. कर्जरोख्यांचे व्याज चुकवता येत नाही, तुरुंग बंद करता येत नाहीत, निवृत्तिवेतनाची देणी टाळता येत नाहीत. शाळांच्या अनुदानामागे मेडिकेडसारखी मोठी जोड नसते. केंद्राचा वाटा शालेय खर्चात एरवी एक दशांशाच्या आसपासच असतो आणि उरलेला भार राज्य व स्थानिक कर जवळजवळ सारखा वाटून घेतात. त्यामुळे अनुदान कापले की कागदावर पूर्ण बचत दिसते. शिक्षण नको म्हणून कोणी कात्री लावते असे मी कधी पाहिले नाही, पण आकड्यांची मांडणीच अशी आहे की हात तिकडे वळतो, आणि हे मला कायम खुपत आले आहे.

गव्हाच्या_प्रदेशातून

करांबद्दल मी सांगतो, कारण २०१२ साली मी कॅन्ससमध्ये राहत होतो. त्या वर्षी गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकराचा वरचा दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात दाखवल्या जाणाऱ्या व्यवसायाच्या उत्पन्नावरील राज्याचा कर पूर्ण माफ केला. यातून उद्योग वाढतील आणि महसूल भरून निघेल, असे आश्वासन होते. महसूल भरून निघाला नाही. २०१५ मध्ये काही डिस्ट्रिक्टना पैसे पुरेनात म्हणून शाळेचे वर्ष काही दिवस आधीच संपवावे लागले. शाळांना पुरेसा निधी देणे हे राज्यघटनेने घातलेले कर्तव्य आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गॅनन खटल्यात पुन्हा पुन्हा बजावले. शेवटी जून २०१७ मध्ये गव्हर्नरांच्याच पक्षाच्या अनेक सदस्यांनी विरोधकांना साथ देऊन त्यांचा नकाराधिकार मोडून काढला आणि ती करकपात बरीचशी मागे घेतली. पण ज्या मुलाने २०१२ मध्ये पहिलीत पाऊल ठेवले, ते तोवर पाचवी संपवून बसले होते.

कर वाढवणे अवघड का, याचे उत्तर बऱ्याच ठिकाणी मतमोजणीच्या नियमात दडलेले आहे. ओक्लाहोमात १९९२ पासून विधिमंडळाला कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत तीन चतुर्थांश मते लागतात. कर कमी करायला मात्र साधे बहुमत पुरते. तिथे पुढे अनेक डिस्ट्रिक्टनी आठवड्यातून चारच दिवस शाळा भरवायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये शिक्षकांचा संप तोंडावर आला तेव्हा कुठे विधिमंडळाने करवाढ मंजूर केली. उलट मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा लाख डॉलरांवरील उत्पन्नावर ४ टक्के अधिभार मान्य केला आणि तो पैसा शिक्षण व वाहतुकीसाठी राखून ठेवला. पैसा कोणाकडून येणार आणि कशावर खर्च होणार हे स्पष्ट असले, तर लोक कर देण्यास तयार होतात, असे माझे मत आहे.

काठावरचा

वरील दोन्ही प्रतिसादांतली माहिती बरोबर आहे, तरी त्या निवृत्त गृहस्थांच्या बाजूने कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. घराची किंमत वाढली म्हणून घरात राहणाऱ्याच्या खिशात पैसे येत नाहीत. याच असंतोषातून जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १३ हा थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला गेला आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येईना. वृद्धांना दिलासा मिळाला हे खरे, पण शाळांचा भार राज्याच्या तिजोरीवर गेला. ती तिजोरी मोठ्या प्रमाणावर श्रीमंतांच्या प्राप्तिकरावर चालते, आणि तो शेअर बाजाराबरोबर वरखाली होतो. मिशिगनने १९९४ मध्ये वेगळ्या वाटेने हेच केले. विक्रीकर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर नेला आणि शाळांसाठीचा मालमत्ता कर कमी केला. त्यामुळे गरीब आणि श्रीमंत डिस्ट्रिक्टमधील अंतर कमी झाले, पण मंदीत विक्रीकर आटला की सर्वांनाच एकदम झळ बसू लागली. मालमत्ता कर लोकांना सर्वांत नकोसा वाटतो, पण वाईट वर्षात टिकून राहणारा करही तोच आहे.

आणखी एक गोष्ट बोर्डालाच विचारली पाहिजे. महासाथीच्या काळात केंद्राने शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. तो पैसा एकदाच मिळणार होता आणि त्याच्या वापराची शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. ज्या डिस्ट्रिक्टनी त्यातून कायमची पदे भरली, त्यांच्या आजच्या तुटीचा सगळा दोष राज्याच्या माथी मारता येणार नाही.

नवी_पालक

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या ग्रंथपाल कोणत्या निधीतून नेमल्या गेल्या, हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. पत्रात लिहिले आहे म्हणजे त्यांचे पद आता गेलेच, असे समजावे का?

हिशेबनीस

तसे समजू नका. राज्याचा अर्थसंकल्प बहुधा जूनमध्ये ठरतो, पण शिक्षकांना नोटिसा त्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. कॅलिफोर्नियात तर ती तारीख १५ मार्च आहे. त्यामुळे डिस्ट्रिक्ट सर्वांत वाईट अंदाज धरून पत्रे पाठवते आणि पुढे त्यांतील बऱ्याच नोटिसा मागे घेतल्या जातात. अनेक राज्यांत प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून झाल्यावर महसुलाचा सुधारित अंदाज येतो, त्याकडे लक्ष ठेवा. तो आल्यापासून विधिमंडळाच्या शिक्षण अनुदान समितीची बैठक होईपर्यंतचे दिवस महत्त्वाचे असतात. त्या दिवसांत आपल्या आमदारांच्या कार्यालयाला फोन करा आणि शाळेचे नाव, पदाचे नाव व त्या पदाचा वार्षिक खर्च सांगा. हा खर्च डिस्ट्रिक्टच्या अर्थसंकल्पात छापलेला असतो, आणि सापडला नाही तर लेखी मागितल्यावर त्यांना तो द्यावा लागतो.