चालत जाता येतं, ते बेट कसलं?

खाडीपलीकडचा: परवा संकष्टीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला गेलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी नऊच्या सुमारास. साडेआठला निघालो तर पाणी घोट्याला, शेजारून घोडागाड्या चाललेल्या. चप्पल हातात घेऊन ज्या ठिकाणी पोचतो त्याला 'बेट' म्हणायचं? निती आयोगाच्या कागदांत देशाची १३८२ बेटं आहेत. माझं मत सरळ आहे: बारा महिने, चोवीस तास होडी लागते तेच बेट. बाकीचं सगळं किनाऱ्याचंच शेपूट.

नियमावर बोट: तुमच्या चपलेवर आंतरराष्ट्रीय कायदा चालत नाही, साहेब. १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम १२१ वाचा: नैसर्गिकरीत्या तयार झालेली, पाण्याने वेढलेली, भरतीतही पाण्यावर राहणारी जमीन म्हणजे बेट. भारताने १९९५ साली हा करार कायम केलाय. फक्त ओहोटीला डोकं वर काढणारं खडप वेगळ्या कलमात, १३ व्या. कुलाबा भरतीला बुडत नाही, म्हणून बेट. होडीचा निकष लावलात तर तो दिवसातून दोनदा बेट आणि दोनदा अलिबाग. नकाशावर काय काढायचं मग?

दादरकर: आणि मुंबईचं काय? १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला. आता आम्ही लोकलने बेट सोडतो, लोकलने परत येतो. तरी पालिकेच्या तोंडी अजून 'शहर बेट'च.

खाडीपलीकडचा: @दादरकर, तेच म्हणतोय. भराव टाकून सातांचं एक केलंत, वर पूल बांधलेत. सवयीने बेट म्हणता.

मालवणातून: कलम १२१ चं तिसरं पोटकलम कोणी काढत नाही. ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं अर्थजीवन टिकू शकत नाही, त्याला २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासे-खनिजांवर देशाचा हक्क असलेला समुद्र, मिळत नाही. २०१६ साली आंतरराष्ट्रीय लवादाने दक्षिण चीन समुद्रातल्या इतू आबा बेटालासुद्धा या हिशोबाने 'खडक' ठरवलं. तिथे विहिरी होत्या, माणसं होती, तरी. आमचं कुरटे बेट बघा. १६६४ च्या आधी कोणा लवादाने पाहिलं असतं तर कातळ म्हणून सोडून दिलं असतं. महाराजांनी त्यावर सिंधुदुर्ग उभा केला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चहूकडे खारं पाणी आणि तीन गोड्या विहिरी. आजही काही कुटुंबं राहतात. वस्ती 'टिकू शकते' की नाही, हे लांबून ठरवणारे कोण?

नियमावर बोट: कुरटे किनाऱ्याच्या इतकं जवळ आहे की तिथे २०० मैलांचा प्रश्नच येत नाही. उदाहरण भावनेला ठीक.

शेतबंदरची माहेरवाशीण: तुमचं सगळं वाचलं. माझं माहेर घारापुरी. समोर मुंबई रात्रभर झगमगायची आणि आम्ही कंदील पुसत बसायचो. समुद्राखालून केबल येऊन वीज लागली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. शेवटची लाँच चुकली की मुक्काम. आम्हाला बेट कशाला म्हणतात हे कलमात शोधावं लागत नाही.

पण वर्गवारीने फरक पडतो तो इथे: २०१९ च्या सीआरझेड (किनारी बांधकामाचे नियम) अधिसूचनेत किनाऱ्यालगतच्या बेटांना भरतीरेषेपासून २० मीटरपर्यंत बांधकामबंदी आहे. मुख्य भूमीवरच्या गावाला मात्र लोकसंख्येच्या घनतेप्रमाणे ५० नाहीतर २०० मीटर. म्हणजे 'बेट' हा शिक्का बसला की बांधकाम पाण्याच्या जवळ येऊ शकतं. गावातल्या माणसाला घर बांधायला बरं, आणि रिसॉर्टवाल्यालाही बरं. त्यावर बोला ना कोणीतरी.

खाडीपलीकडचा: ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आता तर होडीचा निकष जास्तच पटतो. ज्यांना होडीशिवाय गत्यंतर नाही त्यांना सवलत, बाकीच्यांना नाही.

शेतबंदरची माहेरवाशीण: आणि उद्या आमच्याकडे पूल झाला तर?

नियमावर बोट: शिवाय ते २० मीटर मोजायचे कुठून? भरतीरेषेपासूनच. या फिरून.