चर्चा: फुटपाथवरची खिचडी आणि तिच्या आधीचं गाणं

गिरणगावकर

धागा काढायचं कारण सांगतो. मेहुण्याच्या उपचारांसाठी दोन महिने रोज संध्याकाळी परळला टाटा हॉस्पिटलकडे डबा घेऊन जात होतो. समोरच्या फुटपाथवर कोण राहतं ते मुंबईकरांना माहीत आहे, आपण बघायचं टाळतो एवढंच. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश आणि आपला विदर्भसुद्धा. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतं. तेवढे दिवस मुंबईत खोली कोणाला परवडते? मग ताडपत्री, एक स्टोव्ह, रिपोर्टची प्लास्टिकची पिशवी आणि पेशंट, असा संसार.

तिथे अन्न वाटणारे बरेच येतात. दर गुरुवारी साडेसहाला एका चर्चचा टेम्पो येतो. आठ-दहा माणसं आणि भला मोठा टोप भरून गरम खिचडी. चांगली असते, मी खाल्ली आहे. पण आधी गोल करून गाणी, मग कोणीतरी दहा मिनिटं बोलतं, मग पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना आणि मग ताट. ताटासोबत हिंदीतलं पत्रक.

यवतमाळकडची एक बाई होती, सात वर्षांच्या पोराची केमो चालू. उलटीची गोळी दिली की अर्धा-पाऊण तास ते पोर काहीतरी खायचं, नंतर तोंड फिरवायचं. ती मला म्हणाली, "गाणं आयकाले काई हरकत नाही भाऊ, पण हे पोट्टं आत्ताच खाते न." टोपाचं झाकण बंद आणि गाण्याचं तिसरं कडवं चालू. त्या दिवशी मी त्याला माझ्या डब्यातला भात दिला.

माणसं वाईट नाहीत. पावसात गुडघाभर पाण्यात उभी राहून वाढताना मी त्यांना पाहिलंय. तरीही जेवणाआधीची प्रार्थना ही त्या जेवणाची किंमतच झाली, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

पाटीलबुवा

वाटायचं काय त्यात? सरळ सरळ धर्मांतराचा धंदा आहे. कॅन्सरचा पेशंट आणि त्याची आई, याहून हतबल माणूस कुठे मिळणार? कलम २५ मध्ये प्रचाराचं स्वातंत्र्य आहे, मान्य. पण १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. भुकेल्यापुढे टोप झाकून ठेवून तत्त्वं समजावणं हे कशात बसतं?

वसईची_केळी

मी कॅथलिक आहे आणि 'राइस बॅग' (तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदललेला) हा शब्द आयुष्यभर ऐकत आलेय, म्हणून जरा तिखट लिहिते. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या मंडळीत, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये काही कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेली, आता बहुतेक पॅरिशमध्ये असते. काम कसं चालतं? दोघं-दोघं मिळून घरी जायचं, बसायचं, चहा दिला तर प्यायचा. महिन्याचं रेशन, पोराची फी, म्हातारीची औषधं. आमच्या यादीत हिंदू, मुसलमान कुटुंबं आहेत. वीस वर्षांत माझ्यासमोर एकालाही कोणी "मिसाला (चर्चमधल्या उपासनेला) या" म्हटलेलं नाही.

परळला येणारा गट बहुतेक नव्या पंथांपैकी असणार. सुवार्ता सांगितलीच पाहिजे, नाही तर देवापुढे आपण दोषी, असं ते मनापासून मानतात. मला त्यांची पद्धत आवडत नाही. पण सगळ्या ख्रिस्ती लोकांना एकाच टोपात शिजवू नका. आणि बायबलच वाचायचं तर मत्तयच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय, दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नकोस.

नास्तिक_नाना

वा! म्हणजे किंमत फक्त चर्चवालेच वसूल करतात? त्याच फुटपाथवर नगरसेवकाच्या फोटोची पिशवी मी पाहिली आहे. पिशवी हातात धरून फोटो काढल्याशिवाय पुढे सरकू देत नव्हते. आमच्याकडे भंडाऱ्याला 'बोला पुंडलिक वरदे' झाल्याशिवाय पंगत बसत नाही. दिवाळीत ब्लँकेट वाटणाऱ्या कंपनीचे लोक गरिबाला सात वेळा तेच ब्लँकेट पांघरायला लावतात, रील नीट येईपर्यंत. गाणं निदान सुरात असतं.

पाटीलबुवा

नाना, फोटो काढल्याने माणसाचा देव बदलत नाही. 'पुंडलिक वरदे' म्हणणारा आधीही वारकरीच असतो. इथे हेतूच वेगळा आहे. आणि हे आजचं नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठीच्या शाळा-वसतिगृहात, मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवतात यावरून १८९३ मध्ये केवढं रण माजलं होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ते काही कर्मठ नव्हते.

इतिहासवेडी

बुवा, उदाहरण बरोबर आहे, पण अर्धंच. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा याच बाईने मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा उचलून पुण्याजवळ केडगावला आणल्या. त्यातल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या, हेही खरं. तिने आणल्या नसत्या तर त्यातल्या किती जगल्या असत्या, हा प्रश्न तेव्हा त्यांच्यावर टीका करणाऱ्या 'केसरी'च्या अग्रलेखाने सुटत नाही.

मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ही गरिबांत काम करणारी ख्रिस्ती संघटना, मुंबईत १८८२ साली आली. फ्रेडरिक टकर आणि त्याचे सहकारी भारतीय कपडे घालून रस्त्यावर मिरवणूक काढायचे, म्हणून इंग्रज पोलिसांनीच त्यांना पकडलं होतं. बोलून चालून सरकार ख्रिस्ती, पण रस्त्यावरचा ख्रिस्त त्यांनाही नको होता! त्यांच्या कामाचं सूत्र सांगतात ते असं: सूप, साबण, मग तारण. सूप पहिलं, हे लक्षात घ्या. गिरणगावकरांच्या टेम्पोने क्रम उलटा केलाय.

उलट्या क्रमाचं काय होतं ते आयर्लंडमध्ये दिसलं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात काही प्रॉटेस्टंट मंडळींनी कॅथलिकांना सुपाच्या बदल्यात पंथ बदलायला लावला. 'त्याने सूप घेतलं' ही तिथे पुढे कित्येक पिढ्या शिवी होती. देणारेही ख्रिस्ती, घेणारेही ख्रिस्ती. तेव्हा हे फक्त हिंदू-ख्रिस्ती भांडण आहे असं समजू नका.

जुना_भायखळा

मी वाचतच होतो, लिहिणार नव्हतो. मी अशाच एका गटात आहे. परळचा नाही, दुसरा.

मूळ नगर जिल्हा. दारू. सगळं गेल्यावर भायखळ्याच्या पुलाखाली सव्वा वर्ष काढलं. तिथे जेवण मिळतं, उपाशी कोणी मरत नाही. खिचडी, वडापाव, लग्नातलं उरलेलं, सगळं येतं. ताट हातात देतात आणि गाडी पुढे जाते. मला नाव विचारणारा पहिला माणूस चर्चचा होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने नावाने हाक मारली. मी घाण वास मारत होतो, त्याने खांद्यावर हात ठेवला. त्याला तुम्ही धंदा म्हणा, माझी हरकत नाही. मी आज नऊ वर्षं प्यायलो नाही.

लालूच म्हणता म्हणून सांगतो. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाने हिंदूंना, नंतर १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झाला की तो जातो. माझ्या पोराला सवलत नाही. एका ताट खिचडीसाठी हा सौदा कोण करील?

आता खरं तेही बोलतो. आम्हीही प्रार्थना आधी घ्यायचो. कारण जेवण आधी दिलं की लोक थांबत नाहीत. दहा-बारा राहतात, तेवढेच.

पाटीलबुवा

शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचा मंडळी. मी एवढा वेळ हेच म्हणतोय. बाकी, नऊ वर्षांबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन.

नास्तिक_नाना

जे दहा-बारा राहतात, त्यांना राहायचं असतं. मग अडचण काय आहे? आकडा कमी दिसतो एवढीच ना? वरच्या ऑफिसला रिपोर्टमध्ये 'दीडशे जणांनी संदेश ऐकला' असं लिहायचं असेल.

जुना_भायखळा

नाना, ते टोचलं. पण खोटं नाही.

रात्रपाळी

बेघरांसोबत काम करते, म्हणून थोडं अवांतर. इथे सगळे खिचडीवर भांडताहेत. त्या कुटुंबाची पहिली गरज छप्पर आहे. केमो चाललेलं मूल ताडपत्रीखाली झोपलं की जंतुसंसर्ग ठरलेला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनंतर शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा निकष ठरला. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आपल्या वॉर्डात कुठे आहेत ते आज विचारून बघा.

दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटची कुटुंबं तिथे राहतात. जागा मिळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मी वाटणाऱ्या प्रत्येक गटाला, गुरुद्वारावाले असोत की चर्चवाले, सांगते की ताटासोबत पत्रक द्यायचंच तर त्यावर धर्मशाळांचे पत्ते छापा. अर्ज लिहून द्या. रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य इथे उचलता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण कागदपत्रांत गाणं नाही आणि फोटोही चांगला येत नाही.

गाडगे बाबांची दशसूत्री आठवा: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार. आता मत्तयचा पंचविसावा अध्याय काढा. जवळपास हीच यादी, फक्त तुरुंगातला माणूस जास्तीचा. बाबा कीर्तन करायचे, पण आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे.

वसईची_केळी

पत्त्यांची कल्पना आमच्या मीटिंगमध्ये मांडते. यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गिरणगावकर

काल गुरुवार होता. टेम्पोवाल्यांच्या मुख्य बाईंशी बोललो. आधी त्यांना वाटलं मी भांडायला आलोय. असे लोक येतात म्हणे, एकदा टोप लवंडला होता. मी फक्त उलटीच्या गोळीचं सांगितलं. त्या गप्प झाल्या. म्हणाल्या, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

काल मुलांची ताटं आधी वाढली. मोठ्यांची गाण्यानंतरच. पत्रक आहेच. एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर कोणीतरी पेनाने रेडिएशनच्या तारखा लिहिलेल्या दिसल्या. यवतमाळची बाई आता तिथे नाही, तिच्या जागेवर बंगालमधल्या माल्द्याचं एक कुटुंब आहे.

पाटीलबुवा

अर्धंच सुधारलं म्हणजे. येत्या गुरुवारी साडेसहाला मी दुधाच्या पिशव्या घेऊन येतो. बरोबर गाणं चालू असतानाच वाटणार. बघू कोण थांबतं.

गिरणगावकर

या. पण बुवा, झेंडा घरी ठेवून. आणि दूध गरम करून आणा, फुटपाथवर ते तापवायचं कोणी?