मदत हवी आहे : १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर दोन भावांचे घर

प्रश्नकर्ता : आमच्या १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर मी, धाकटा भाऊ आणि आई-वडील अशा दोन संसारांसाठी एकूण २८०० चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. आर्किटेक्ट म्हणतात की एवढे घर बसणार नाही, आणि समोरच्या गल्लीत मात्र अगदी भिंतीला भिंत लावून तीन मजले उभे आहेत. नियम नेमका काय आहे, हे कृपया लवकर सांगावे. याच महिन्यात नकाशा द्यायचा आहे.

रेखांकन : जागा कोणत्या शहरात आहे, गावठाणात आहे की मंजूर ले-आउटमध्ये, आणि समोरचा रस्ता किती मीटरचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणताही आकडा सांगणे धोक्याचे ठरेल.

दादरकर : आमच्याकडे शहरात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.३३ आणि उपनगरात १ आहे. त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) विकत घ्यावा, म्हणजे प्रश्न सुटतो.

रेखांकन : ते मुंबईचे झाले. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता उर्वरित राज्यात ३ डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकत्रिकृत नियमावली लागू आहे, आणि तिच्यात दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला टीडीआर किंवा प्रीमियमचा, म्हणजे जादा शुल्क भरून घ्यायचा, एफएसआय मिळत नाही. म्हणूनच मी रस्ता विचारला.

जुना_ओव्हरसियर : मी २००९ मध्ये घर बांधले, तेव्हा बाल्कन्या एफएसआयमध्ये धरल्या जात नसत. त्या मोठ्या घ्याव्यात आणि पुढे खिडक्या लावून बंद कराव्यात, म्हणजे प्रत्येक मजल्यावर एक खोली वाढते.

उत्तरा : क्षमा करा, परंतु हा सल्ला आज कुणी मानू नये. आता मजल्याच्या बाहेरच्या रेषेच्या, म्हणजे पी-लाइनच्या आतले बाल्कनी, जिना, पॅसेज असे सगळे मोजले जाते. त्याची भरपाई म्हणून निवासी बांधकामाला मूळ एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचे जादा, क्षेत्र प्रीमियम भरून मिळते.

मळ्यातला : प्लॉट गुंठेवारीतला (मंजुरीविना गुंठ्यांनी पाडलेला) असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली आधी तो नियमित करून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या विकासासाठी वाढवलेली आहे. माझ्या मेहुण्यांचे काम असेच झाले.

प्रश्नकर्ता : प्लॉट गुंठेवारीतला नाही. नाशिक महापालिकेच्या हद्दीत मंजूर ले-आउटमधला बिनशेती प्लॉट आहे. माप ३० × ५० फूट, समोरचा रस्ता ले-आउटमध्ये ७.५ मीटर. आर्किटेक्टने पुढे ३ मीटर आणि बाकीच्या तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडले आहे. समोरची घरे गावठाणातली आहेत, हे मला आज वडिलांकडून कळले.

रेखांकन : मग उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. गावठाणासारख्या दाट वस्तीला वेगळे निकष आहेत, त्यामुळे त्या घरांशी तुलना करू नये. आपला प्लॉट १३९.३५ चौरस मीटर आहे आणि आपल्या रस्त्याला मूळ एफएसआय १.१, म्हणजे सुमारे १६५० चौरस फूट. त्यात ६० टक्के अनुषंगिक धरले तर २६४० चौरस फूट होतात. म्हणजे सगळा प्रीमियम भरूनही २८०० होत नाहीत. परंतु खरी अडचण एफएसआयची नाहीच, सामासिक अंतरांची, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेची आहे. आर्किटेक्टने सोडलेली अंतरे वजा केली की ६.१४ × १०.७४ मीटर उरतात, म्हणजे मजल्याला सुमारे ७१० चौरस फूट. तळमजला आणि वर दोन मजले धरले तरी २१३० च होतात. लहान प्लॉटवर लोक एफएसआयसाठी भांडतात आणि घर मात्र समासात अडते, हे मी अनेक नकाशांत पाहिले आहे.

मळ्यातला : १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला तर आता परवानगीच लागत नाही! मग एवढा हिशेब कशाला?

उत्तरा : परवानगीची वाट पाहावी लागत नाही, नियम मात्र पाळावेच लागतात. परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती द्यावीच लागते. नकाशा नियमाबाहेरचा निघाला तर बांधकाम अनधिकृतच ठरते, आणि मग भोगवटा प्रमाणपत्र, कर्ज, उद्याची विक्री सगळेच अडते.

जुना_ओव्हरसियर : दीड मीटर सोडून वाऱ्याखेरीज काय मिळते?

उत्तरा : वाराच हवा असतो, आणि उजेडही. शेजाऱ्यानेही तेवढेच सोडले तर दोन घरांमध्ये तीन मीटर मिळतात. शिडी लावायला, नळ दुरुस्त करायला माणूस आत जाऊ शकतो. आपण सोडले नाही तर त्याच्या खोलीत दिवसा दिवा लागतो.

प्रश्नकर्ता : आता आकडा समजला. वर आणखी एक मजला घेतला तर २६४० पैकी उरलेले ५१० चौरस फूट तिथे बसतील, परंतु आई-वडिलांचे गुडघे पाहता त्यांना तळमजलाच द्यावा लागेल आणि मग गाडी कुठे ठेवायची, हा प्रश्न उरतो. लिफ्ट घेतली तर प्रत्येक मजल्यावरचे किती चौरस फूट जातील, आणि तीही पी-लाइनमध्ये धरतात का? कुणी अशा मापाच्या प्लॉटवर लिफ्ट बसवली असेल तर कृपया नकाशासह लिहावे.