यंत्र चुकले, तर सही कोणाची?

करडई
कालच्या लेखाचा निष्कर्ष असा, की आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता सज्ज आहे, लोकांचीच मानसिकता मागे आहे, आणि गावोगावी जनजागृती केली की विश्वास आपोआप बसेल. हे वाचून गप्प बसवले नाही.

माझे वडील ७७ वर्षांचे, जुने मधुमेही. दोन वर्षांपूर्वी तालुक्यातील शिबिरात त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढले. वडिलांची मान थरथरते, त्यामुळे यंत्राच्या पट्टीवर हनुवटी ठरेना. फोटो काढणाऱ्या मुलीने तीन वेळा प्रयत्न केला. मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने ते फोटो वाचून काढलेली इंग्रजी छापील चिठ्ठी हातात आली, तिचा अर्थ 'दोष आढळला नाही'. आठ महिन्यांनी उजव्या डोळ्यासमोर काळी जाळी तरंगू लागली. पडद्यापाशी रक्तस्राव झाला होता. मोतीबिंदूमुळे तो फोटो मुळात वाचण्याजोगाच नव्हता, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. शिबिरवाल्यांनी यंत्र पुरवणाऱ्यांकडे बोट दाखवले आणि पुरवणाऱ्यांनी 'अंतिम निर्णय डॉक्टरांचा' ही अट दाखवली. चिठ्ठीवर एकाही डॉक्टरची सही नव्हती. वडिलांनी विश्वास ठेवला होता, म्हणूनच ते आठ महिने दुसरीकडे गेले नाहीत. त्यांना कसली जनजागृती हवी होती, हे लेखकाने सांगावे.

नवी_वाट
लेख माझाच आहे. वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटले. परंतु एका घटनेवरून संपूर्ण तंत्रज्ञानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे योग्य नाही, डॉक्टरही चुकतात. स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक स्त्रियांच्या स्तन-तपासणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राच्या मदतीने डॉक्टरांचे फोटो वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले, आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. हे लोकांपर्यंत पोहोचवायचे नाही का?

करडई
जरूर पोहोचवा, पण पूर्ण पोहोचवा. स्वीडनमध्ये प्रत्येक फोटो किमान एका रेडिओलॉजिस्टने पाहिला होता. आमच्या शिबिरात कोण बसले होते?

क्षकिरण
मी १९ वर्षे ग्रामीण रुग्णालयात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट नाही. छातीचे एक्स-रे पाकिटात पडून राहत, आणि अहवाल येईपर्यंत खोकणारा माणूस ऊसतोडीला निघून गेलेला असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीसाठी एक्स-रे यंत्राकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. आता संशय दिसला, की त्याच दिवशी थुंकीचा नमुना घेता येतो. आपल्या एका वाईट अनुभवामुळे हे बंद पडावे काय?

उंबरठा
यंत्र राहू द्या बाजूला, अहवाल मराठीत का मिळत नाही ते आधी सांगा. माझ्या आईकडून शस्त्रक्रियेपूर्वी चार पानी इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा घेतला आणि वर 'समजावून सांगितले' असे लिहिले. कोणीही काहीही समजावले नव्हते. जो माणूस केस पेपरवरून मान वर करून रुग्णाकडे पाहत नाही, त्याने आणलेल्या यंत्रावर लोक विश्वास ठेवणार कसे?

क्षकिरण
मान वर न करणारा माणूस म्हणजे मीच, असे समजून उत्तर देतो. सोमवारी आमच्या ओपीडीत दीडशे रुग्ण असतात आणि डॉक्टर दोन. एक दिवस येऊन बसा, मग बोला.

उंबरठा
मी दीडशे जणांच्या रांगेत बसले आहे, तीही आईला धरून. आपला वेळ कमी आहे हे मान्य. पण 'पुन्हा तपासणी करा' हे तीन शब्द मराठीत छापायला डॉक्टरचा वेळ लागत नाही. चिठ्ठी वाचताच आली नाही, तर तिच्यावर शंका घेणार कशी? या काकांनाही ती वाचता आली असती, तर त्यांनी विचारले नसते का, की फोटो तीनदा काढावा लागला तर दोष नाही हे कशावरून?

करडई
विचारले असते. शाळेत गणित शिकवत होते ते.

क्षकिरण, क्षयरोगाबाबतचे आपले म्हणणे मी नाकारत नाही. तेथे यंत्राच्या संशयानंतर थुंकीची तपासणी असते, म्हणून चुकीचा संशय तरी पकडला जातो. थायलंडमध्ये पडदा तपासणाऱ्या यंत्राने १,८३८ पैकी ३९३ फोटो नीट नाहीत म्हणून परत केले. परिचारिका वैतागल्या, कारण रुग्णांना दुसरीकडे धाडावे लागत होते. तरीही 'मला दिसत नाही' म्हणणारे यंत्र मला चालेल. आमच्या यंत्राला दिसले नव्हते आणि त्याने 'दोष नाही' म्हटले.

नवी_वाट
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये याबाबत नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांत उत्तरदायित्वाचा विचार आहे.

करडई
तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, पण शिबिर सर्वांसाठी मोफत असल्याने तेही दार बंद, असे वकिलांनी सांगितले. गरिबाची तपासणी मोफत, म्हणून चुकीला धनी नाही, अशी व्यवस्था ठेवून आपण त्याच्याकडे विश्वास कोणत्या तोंडाने मागायचा?

नवी_वाट
मोफत शिबिरांचा हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. जनजागृती आवश्यक आहे, हे मत मात्र मी मागे घेत नाही.

क्षकिरण
आमच्याकडील यंत्राच्या अहवालावर डॉक्टरचे नाव येत नाही, हे आज मुद्दाम पाहिले. सोमवारपासून प्रत्येक अहवालावर तपासणाऱ्याचे नाव आणि सही घेण्याचा प्रस्ताव देतो. याने काम वाढेल आणि सहकारी माझ्यावर चिडतील, हेही येथे नोंदवतो.

उंबरठा
आणि मराठी?

क्षकिरण
'फोटो नीट आलेला नाही, पुन्हा तपासणी करावी' असा रबरी शिक्का करून घेता येईल. मजकूर एवढाच पुरेसा आहे का, ते सांगा.

उंबरठा
'कोठे आणि कधी' यासाठी खाली एक रिकामी ओळ ठेवा.