लहान मुलांना शिकारीला, रानात सोबत न्यावं का?

रानवाट:
मुलगा ५ वर्षांचा आहे. आम्ही राहतो तिथे परवाना काढून हंगामात हरणाची शिकार करता येते आणि यंदा त्याला न्यायचं माझं जवळपास ठरलंय, बायको म्हणते अजून ५ वर्षं थांब. मला वाटतं ताटातलं मांस कुठून येतं हे पोराला लहानपणीच दिसावं. तुमचं मत सांगा.

चिऊची आई:
नको. बाकी सगळं राहू दे, आधी कानाचं बोला. रायफलचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, कधी १७० पर्यंत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी अशा क्षणिक आवाजाची मर्यादा १२० सांगितलीय. कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. इअरमफ घालू म्हणाल, पण एवढंसं पोर ते किती वेळ ठेवतं? खाज सुटली की काढलंच, आणि नेमका तेव्हाच बार निघाला तर?

पायवाट:
आवाजाचं पटलं, पण म्हणून रानच बंद करू नका. मी मुलीला ३ वर्षांची असल्यापासून नेतेय, शिकारीला नाही, नुसती पायपीट आणि गळ टाकून मासे. माझी एक चूक सांगते. थंडीत तिला पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसवलेलं, मी चढून चढून घामाघूम, जॅकेट कमरेला बांधलेलं आणि ती मागे गप्प, मला वाटलं झोपली. खाली उतरवलं तर पावलं गारठलेली, ओठ निळसर, आणि रडतही नव्हती. मी चालत होते, ती नुसती बसून होती, हे डोक्यातच आलं नाही, आणि लहान अंगातली ऊब फार लवकर जाते. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला मोजा काढून पाऊल हातात धरून बघते. गळ्यात शिट्टी असतेच. तिला सांगून ठेवलंय, वाट चुकलीस तर चालायचं नाही, एका झाडापाशी बसायचं, तीनदा वाजवायची, थांबायचं, परत तीनदा.

दुर्बीण:
मी ६ वर्षांचा असताना वडिलांबरोबर गेलो होतो. हरीण पडल्यावर त्याच्या कानाला हात लावला, अजून गरम होता. विचारलं, हे आता उठणार नाही? ते म्हणाले, नाही, आपण मारलंय त्याला, आता यातलं काही वाया घालवायचं नाही. मी आजही ताटात काही टाकत नाही.

चिऊची आई:
तुम्हाला झेपलं, दुसरं पोर महिनाभर रात्री दचकून उठेल. आणि शिशाची गोळी असेल तर तिचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. मुलांच्या रक्तात शिसं इतकं चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही.

रानवाट:
गोळ्या तांब्याच्या वापरतो. पण कानाचं खरंच लागलं मनाला. यंदा रायफल घरी ठेवून नुसते ठसे बघायला जावं म्हणतोय.

दुर्बीण:
मग तुझा मूळ मुद्दा गेला की. घरी रोज थोडा वेळ इअरमफ घालून खेळू दे, सवय झाली तरच ने. पण सोबत दुसरं मोठं माणूस हवंच, जे फक्त पोराकडे बघेल. नेम धरलेला माणूस मागे पोर कुठे सरकलं ते बघू शकत नाही.

रानवाट:
ते दुसरं माणूस म्हणजे बायकोच. आज बसून बोलतो तिच्याशी, ती नाही म्हणाली तर थांबतो.