सात किलोत बॅगच तीन किलोची!

देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला साधारण सात किलोच मिळतात, त्यात आठवड्याचे कपडे कसे बसवायचे, असा प्रश्न पडतोच. आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवून बघा. चाकांची ट्रॉली एकटीच अडीच-तीन किलो खाते. कापडी सॅक किलोभरात भागते. जीन्स आणि जड बूट अंगावरच घालून निघा, दिसायचं तसं दिसू दे. परदेशी जाताना केबिन बॅगेतल्या द्रव आणि पेस्टसारख्या वस्तूंना असलेली १०० मिलीची अट डबी-ट्यूबच्या मापाला असते, आत किती उरलंय त्याला नाही. म्हणून पिळून चपटी केलेली १५० ग्रॅमची टूथपेस्टही कचऱ्यात जाते. आणि हो, ऐनवेळी गेटवर केबिन बॅग विमानाच्या पोटातल्या चेक-इन सामानात द्यायला लावली तर पॉवर बँक आठवणीने काढून जवळ ठेवा, ती तिथे चालत नाही.