शब्दचर्चा: सायकेडेलिक रॉकला मराठीत काय म्हणावं?

वाचकपाखरू: दिवाळी अंकासाठी १९६६-६७च्या रॉकवर लेख लिहितोय. सायकेडेलिक रॉकला, म्हणजे एलएसडीसारख्या नशेच्या अनुभवाशी जोडलेल्या रॉकला, 'भ्रमसंगीत' लिहिलं होतं. मित्र म्हणाला, तापात बरळल्यासारखं वाटतं. 'नशिलं रॉक' लिहिलं तर गझलची कॅसेट आठवते. दुसरं काही सुचतंय का?

तारसप्तक: मित्राचं बरोबर आहे. 'सायकेडेलिक' या शब्दात भ्रम मुळात नाहीच. हंफ्री ऑस्मंड हा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ कॅनडात मेस्कलीन आणि एलएसडी या मनाची अवस्था बदलणाऱ्या द्रव्यांवर काम करत होता. असल्या द्रव्यांना नाव काय द्यावं, यावर १९५६मध्ये त्याची आणि इंग्रज लेखक आल्डस हक्सलीची पत्रापत्री झाली. हक्सलीचा शब्द होता 'फॅनेरोथाइम'. टिकला नाही ते बरं, 'फॅनेरोथाइम रॉक' कोण ऐकणार? ऑस्मंडने उत्तरादाखल दोन यमकी ओळी पाठवल्या, त्यात 'सायकेडेलिक' होता. ग्रीकमध्ये 'सायकी' म्हणजे मन किंवा आत्मा, आणि पुढचा भाग 'उघड करून दाखवणं' या अर्थाचा. तोवर डॉक्टर मंडळी या द्रव्यांना वेडाची नक्कल करणारी म्हणत. ऑस्मंडला तेच पुसायचं होतं. तुम्ही 'भ्रम' लिहून ते परत चिकटवताय.

वाचकपाखरू: मग 'मनोप्रकाशी'?

शुद्धलेखनकाका: 'मनःप्रकाशी'. पुढे 'प' आला की विसर्ग राहतो, जसं मनःपूर्वक. 'मनो' होतो तो मृदू व्यंजनापुढे, मनोरंजन, मनोविकार वगैरे.

तारसप्तक: काका, ऑस्मंडवरही हाच आक्षेप आहे! ग्रीक जाणणारे म्हणतात, नियमाने 'सायकोडेलिक' हवं. पण 'ए'वालाच टिकला. आपल्याकडे नाही का, 'मनःकामना' बरोबर असली तरी देवळाबाहेरच्या पाटीवर 'मनोकामना'च पूर्ण होते.

भोवरा: शब्द सोडा, जरा कान लावा. १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या होली मोडल राउंडर्सनी 'हेझिटेशन ब्लूज'मध्ये हा शब्द गायला, पण ते लोकसंगीतच. टेक्सासच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सनी १९६६च्या पहिल्याच अल्बमच्या नावात तो घातला. त्यांच्यातला टॉमी हॉल एक मोठा जग तोंडाशी धरून त्यात आवाज काढायचा आणि तो मायक्रोफोनवर घ्यायचा. बहुतेक गाण्यांखाली ते गुबुगुबु चालू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीटल्सनी लंडनच्या स्टुडिओत 'टुमॉरो नेव्हर नोज' ध्वनिमुद्रित केलं. हॅमंड ऑर्गनसाठी एक स्पीकर असतो, लाकडी खोक्यात गरगर फिरणारा. लेननचा आवाज त्यातून सोडला. वर टेपच्या फिती गोल चिकटवून अखंड फिरवल्या, काही फिती पेन्सिलीवर ताणून धरायला माणसं उभी केली होती. खाली तंबोरा, आणि गाणं जवळपास एकाच स्वरसंगतीवर. आता सांगा, यात 'उघड' काय होतं? डोकं भोवंडतं! माझं मत 'भोवंड रॉक'ला.

तारसप्तक: 'भोवंड' झकास आहे, पण तो ऐकणाऱ्याचा अनुभव झाला, करणाऱ्यांचा हेतू नव्हे. शिवाय तंबोऱ्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो, आपल्या संगीताची नशेशी सांगड घातलेली रविशंकरांना अजिबात आवडली नाही. ते तसं उघड बोलत. त्यामुळे लेखात राग आणि एलएसडी एका वाक्यात कोंबू नका.

भोवरा: हे मान्य. पण हेतूचं म्हणाल तर पिंक फ्लॉइडचा १९६७चा पहिला अल्बम ऐका. अर्धा वेळ परीकथा, अर्धा वेळ अंतराळ. मनाचा प्रकाश वगैरे मला तरी दिसला नाही, पण रॉक मात्र जबरदस्त होता.

वाचकपाखरू: लेख पुढे गोव्यापर्यंत जातो. हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्या, नव्वदच्या दशकातला गोवा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा प्रकार, मग त्यातूनच आलेला सायट्रान्स, म्हणजे सायकेडेलिक ट्रान्स. तिथे तर शब्दाचा 'उघड करणारा' भाग गळूनच गेला, नुसती साय उरली. आईला मसुदा वाचून दाखवला तर इथेच थांबवून म्हणाली, "यात दुधाचा काय संबंध?"

तारसप्तक: मग 'सायकेडेलिक'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा. 'मनःप्रकाशी' प्रत्येक परिच्छेदात आला तर लेख आयुर्वेदावरचा वाटेल.

वाचकपाखरू: तसंच करतो. 'भोवंडतं' मात्र त्या फिरत्या स्पीकरच्या वर्णनात घेतोय, भोवरा यांची परवानगी गृहीत धरून.

शुद्धलेखनकाका: घ्या, पण आधी रॉक 'तो' की 'ते' हे ठरवा. वर दोन्ही दिसतंय.